खिशावरचा पांढरा ठिपका

तुम्ही-आम्ही फोटो हातात आला की आधी चेहरा शोधतो. आमच्या स्टुडिओतले काका फोटो उलटा धरायचे. डोकं खाली, पाय वर. "चेहरा दिसला की डोळा फसतो," म्हणायचे. "आधी काळ्या-पांढऱ्याचा तोल बघावा." मग सुलटा करून नाक मुरडायचे, स्वतः काढलेल्या प्रिंटलासुद्धा.

उल्हासनगरच्या त्या स्टुडिओत ते डार्करूम सांभाळत आणि मी कॉम्प्युटर. माझ्या इंकजेट प्रिंटरला ते 'शिंतोडे उडवणारा' म्हणत. मीही कमी नव्हतो. त्यांच्या अंधाऱ्या, कोंदट खोलीला मी बाळंतिणीची खोली म्हणायचो.

२००५च्या सुमारास एके दिवशी स्टुडिओच्या मालकांना, शेठना, ती खोली पासपोर्ट फोटोंसाठी हवी झाली. त्याच आठवड्यात बुवापाड्याहून एक बाई आल्या. नवरा वारलेला, रविवारी पुण्यानुमोदनाचा विधी, आणि त्यांच्याकडे त्याची एकच जुनी निगेटिव्ह. झाडाखाली उभा, तोंडावर सावली.

शेठ म्हणाले, "दोघं बनवा. बाई जो उचलेल तो पास. काका, तुमचा उचलला तर खोली तुमची. नाय तर सोमवारी सामान काढायचं."

काकांना दुसरं काम येत नव्हतं आणि त्या वयात कोणी दिलंही नसतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

शनिवारभर ते आत होते. चेहरा उजळावा म्हणून निगेटिव्ह मोठी करणाऱ्या एन्लार्जरच्या उजेडात तळहात आडवा फिरवत कागदामागून कागद वाया घालवत होते. मी आधीच स्कॅन केलेला तोच चेहरा माउसने पाच मिनिटांत उजळला, धुळीचे ठिपके पुसले आणि प्रिंट काढला. काका हात पुसत बाहेर आले. माझा प्रिंट उलटा धरून बघत राहिले.

"खिशावर पांढरा ठिपका होता. कुठे गेला?"

"धूळ होती काका. पुसली."

"धूळ नाही. चौदा एप्रिलला, जयंतीला लावतात तो बिल्ला आहे. भिंगातून बघ."

बघितलं. बिल्लाच होता. काका गप्प बसले असते तर बाईंनी माझा फोटो परत केला असता आणि खोली वाचली असती.

"बघतोस काय? परत घाल," ते म्हणाले आणि आत गेले.

रविवारी सकाळी बाईंनी दोन्ही फोटोंत आधी खिशावर बोट ठेवलं. "दोन्हीत हाय," म्हणाल्या. मग त्यांनी माझा उचलला. "ह्यात तोंड साफ दिसतंय. सासूबाईंना कमी दिसतं."

शेठनी माझी पाठ थोपटली. बिल्ला काकांमुळे राहिला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते. काकांनी फोटो वर्तमानपत्रात नीट बांधून दिला. "उन्हासमोर लावू नका, बाई," एवढंच म्हणाले.

सोमवारी ते वांगणीला मुलीकडे गेले. पुढे तिकडेच वारले.

त्यांचा प्रिंट माझ्याकडे आहे. त्यातला काळा अजून काळाच आहे. माझा, बाईंच्या भिंतीवरचा, एव्हाना विटला असणार. बुवापाड्यात जाऊन तो बदलून काकांचा द्यावा असं दरवर्षी वाटतं. पण हा कोणी बनवला म्हणून बाईंनी विचारलं तर काय सांगू, इथेच मी अडतो.