शिलाई कच्ची होती, तरी घेतलं

मंडळी, आज दुपारी घाटकोपरला एका डिस्काउंट स्टोअरमध्ये लेकीसाठी दप्तर घेतलं. माल बाहेरच्या देशातला, पण इतका स्वस्त की उचललंच.

दारात बिल तपासायला शिंदेताई उभ्या! साकीनाक्याच्या कारखान्यात आम्ही दोघी दप्तरंच शिवायचो. मला मशीन त्यांनीच शिकवली. कारखाना बंद पडल्यापासून भेट नव्हती.

ताईंनी सवयीने दप्तर उलटं केलं, पट्ट्याचा टाका अंगठ्याने ओढून पाहिला.

"शिलाई कच्ची आहे गं. दिवाळीपर्यंत उसवेल."

"मग परत ठेवू का? आपल्याकडे शिवलेलं एखादं आहे का आत?"

"आपल्याकडे कोण शिवतंय आता? नातवाला मी पण हेच घेतलं." त्यांनी बिलावर शिक्का मारला. "चल, मागे लाईन लागलीय."

गर्दीत धड गप्पाही झाल्या नाहीत. दप्तर घेऊन मी घरी आले.

'देशी माल घ्या'वाल्या पोस्ट मीही फॉरवर्ड करते. पण कारखाना चालू होता तेव्हाही लेकीचं पहिलं दप्तर मी अशाच दुकानातून आणलं होतं, चार पैसे वाचले म्हणून. हे ताईंना कधी सांगितलं नाही.

तुमच्या ओळखीत अजून कुणी दप्तरं शिवतं का? विचारतेय खरी, पण उत्तर येईल असं वाटत नाही.