अहो, दिवा नीट धरा

आमच्या रस्त्यावर कुणाचा बोल्ट मोडला की माणूस आधी शिवी हासडायचा आणि मग उस्तादाच्या गाळ्याची वाट धरायचा. भंगारातल्या गाड्या फोडायच्या हा उस्तादाचा धंदा. चेपलेली, टाकून दिलेली गाडी आणायची, तिच्याखालचा एक्सल उतरवायचा आणि हब, ड्रम, बेअरिंग, जे जे चांगलं निघेल ते पुसून फळीवर मांडायचं. सगळी कुस्ती गंजाशी. जोर लावला की बोल्टचं डोकं तुटून हातात येतं आणि धड आतच रुतून बसतं. ते धड काढण्यात उस्तादाचा हात धरणारा कुणी नव्हता. माझं पंक्चरचं दुकान त्याच्या बरोबर समोर, त्यामुळे मी हे सगळं बसल्या जागेवरून पाहिलं.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, दुपारी डबा घेऊन यायची. डबा ठेवला तरी तिची सुटका नसायची. गाळा आतून अंधारा. उस्ताद तिच्या हातात जाळी बसवलेला वायरीचा दिवा द्यायचा आणि तिला एक्सलपाशी उकिडवं बसवायचा. "ए, दिवा धर." एवढंच. दिवा हलला की सावली हलते आणि भोकाची खूण करायचा पंच चुकतो, हे खरं. पण त्यावर उस्तादाकडे एकच औषध होतं. हातातला पाना तो तिच्या मनगटावर हाणायचा, तिच्याकडे न बघता, माशी मारावी तसा. वर गिऱ्हाइकाला सांगायचा की घरात दिवा टांगायला खुंटी नव्हती म्हणून लग्न केलं. गिऱ्हाईक हसायचं. वहिनी दिवा दुसऱ्या हातात घ्यायची.

उस्तादाची थोरली बहीण अधूनमधून येऊन जायची. तिनं एकदा ते मनगट पाहिलं आणि वहिनीची समजूत काढली की तो पहिल्यापासून तापट आहे, पण मनाचा वाईट नाही. भांड्याला भांडं लागायचंच. वहिनी म्हणाली, "हो ना, वन्सं."

मग उस्तादाला अर्धांगवायू झाला. सकाळी दात घासताना पडला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कानांना आणि डोक्याला मात्र काही झालं नाही. बहिणीचं म्हणणं पडलं की गाळा विकून टाकावा, बाईमाणसाचं काम नाही ते. वहिनीनं ऐकून घेतलं, आणि पुढच्याच आठवड्यात उस्तादाचा खाकी शर्ट अंगात घालून शटर वर केलं.

रोज सकाळी ती त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून आणायची. दाढी केलेली, कपडे धुतलेले, केस विंचरलेले. चहावाला म्हणायचा, एवढं हल्ली कोण करतं हो? खुर्ची ती कामाच्या टेबलाकडे तोंड करून लावायची. बोलणं पहिल्यासारखंच आदराचं. अहो, ऊन लागतंय का? अहो, पाणी हवंय का?

सुरुवातीला तिनं बरंच काही मोडलं. इतकी वर्षं दिवा धरून डोळे शिकले होते, हात शिकायचे होते. बोल्टचं डोकं तुटून टणकन फरशीवर पडलं की उस्ताद हसायचा. तोंडाची डावी बाजू तेवढी वर जायची आणि घशातून खरखर यायची. रस्त्यापलीकडे मला ऐकू येई. वहिनी मान वर करायची नाही.

एक दिवस एक टेम्पोवाला आला. त्याचा मागचा हब फुटला होता आणि माल भरलेला टेम्पो रस्त्यात अडकून पडला होता. तसाच हब वहिनीकडच्या एका चेपलेल्या टेम्पोच्या एक्सलला होता. ती म्हणाली, बसा, काढून देते. तो माझ्याकडे येऊन टायरवर टेकला.

सगळे बोल्ट निघाले. शेवटचा मोडला, अगदी अंगासरशी. पकडीला धरायला काही उरलं नाही. उस्ताद हसला. या खेपेला जरा जास्तच हसला, लाळ हनुवटीपर्यंत आली. वहिनीनं फडक्यानं त्याची हनुवटी पुसली. मग गॅस पेटवून मोडक्या बोल्टच्या भोवतालचं लोखंड लाल होईपर्यंत तापवलं, निवू दिलं, वरून तेल सोडलं. आता बोल्टच्या बरोबर मधोमध भोक पाडायचं होतं. भोक केसभर जरी सरकलं तरी आतले आटे जातात आणि अख्खा हब भंगारात.

तिचा जॅक माझ्याकडे होता. तो परत द्यायला मी नेमका तेव्हाच गाळ्याच्या दारात पोचलो. वहिनी खुर्ची एक्सलपाशी ओढत होती.

"अहो, इथं अंधार आहे," ती म्हणाली. "दिवा धरा."

तिनं दिवा त्याच्या डाव्या हातात दिला. हात चांगला होता, पण आजारानं अशक्त झालेला. तिनं पंच टेकवला. दिवा हलला.

"अहो, नीट धरा."

त्यानं धरला. मग पुन्हा हलला. वहिनीनं वर न बघता शेजारचा पाना उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. आवाज फारसा झाला नाही. दिवा खाली पडून वायरीला लोंबकळत राहिला. उस्तादाचं तोंड उघडलं, आणि त्यातून जे आलं ते रडणं होतं की शिवी, कळायला मार्ग नव्हता. वहिनीनं दिवा उचलून त्याच्या हातात दिला आणि दिव्याच्या मुठीवर त्याचं एकेक बोट नीट मिटून बसवलं.

तेव्हा तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "भाऊजी, जॅक तिथंच ठेवा," ती म्हणाली. मी ठेवला आणि रस्ता ओलांडून परत आलो.

बोल्ट निघाला. भोकात उलट्या आट्यांची खुंटी ठोकून तिनं तो हळूहळू फिरवत बाहेर आणला, एकही आटा न दुखवता. टेम्पोवाला हब घ्यायला गेला तेव्हा बोल्टचा तुकडा उस्तादाच्या मांडीवर होता. टेम्पोवाल्याला फार कौतुक वाटलं. उस्तादाच्या खांद्यावर थाप मारून तो म्हणाला की वहिनी तुमच्याच तालमीत तयार झाल्या, दुसरं काय.

त्यानंतर खुर्चीची जागा तीच झाली, एक्सलपाशी. महिन्याभरानं उस्तादाची बहीण आली. भाऊ उन्हात यावा म्हणून तिनं खुर्ची दाराबाहेर घेतली, त्यामुळे पुढचं बोलणं माझ्या कानावर पडलं. भावाचा हात हातात घेतल्यावर तिला मनगट दिसलं, जुन्या पिवळ्या डागांवर नवे निळे. उस्तादानं तिचं बोट घट्ट पकडलं आणि घशातून आवाज काढायला लागला.

"हे काय गं?" तिनं विचारलं.

वहिनी दारात उभी राहून बेअरिंग पुशीत होती. "दिवा हलतो त्यांचा," ती म्हणाली. "तुम्हाला बघवत नसेल तर घेऊन जा, वन्सं. आत्ता न्या. कपडे बांधून देते."

बहीण भावाकडे बघेना. शेवटी म्हणाली, "आमच्याकडे जिना आहे. खुर्ची चढायची नाही."

मग तिनं आपलं बोट सोडवून घेतलं. उस्ताद सहजासहजी सोडत नव्हता. तिला दुसऱ्या हातानं त्याची बोटं उलगडावी लागली. त्याच्या शर्टाची बाही तिनं मनगटापर्यंत ओढली, गुंडी लावली, आणि वहिनीला तब्येतीला जप म्हणून निघून गेली.

उस्ताद पुढेही जगला. त्याचं हसणं बंद झालं. वहिनीनं त्याचं खाणंपिणं, औषधपाणी कधी चुकवलं नाही. रस्त्यावरच्या कुणालाही विचारा. मी एकदा तिला लोहचुंबकाचा दिवा नेऊन दिला. एक्सलला चिकटतो, कुणी धरायची गरज नाही. तिनं लावून पाहिला, चिकटला. छान आहे म्हणाली, आणि विकायच्या सामानाच्या फळीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक तो घेऊन गेलं.