गोदामावशीला मी परवाच मारलं

चहा खाली ठेवा आधी, ठसका लागंल. कारण आता मी माझ्याच तोंडानं माझी अब्रू काढणार हाय!

त्या साली आमच्या धारूरच्या डोंगरकडंला असा दुष्काळ पडला, की कावळेसुद्धा गाव सोडून गेलते. निम्मं गाव ऊसतोडीला. मागं राहिली म्हातारी माणसं, जनावरं आणि मी. मी म्हणजे कोण? गावच्या दूध सोसायटीचा चेअरमन! दूध बादलीभर जमायचं, पण चेअरमन तो चेअरमनच की!

टँकर यायचा आणि वरच्या आळीलाच रिकामा व्हायचा. खालच्या वस्तीला नुसतं पाइप झटकलेलं पाणी. एक दिवस तीन बाया टँकरसमोर आडव्या उभ्या राहिल्या. गोदामावशी, रझियाभाभी आणि खालच्या वस्तीतल्या कांताबाई.

"सगळ्या गावाची एकच रांग," मावशी म्हणल्या. "आन् ज्यांची पोरं ऊसतोडीला गेलीत, त्या म्हाताऱ्यांला पहिलं!"

लई बोंबाबोंब झाली. वरच्या आळीतला एक गडी तर हातवारे करून ओरडला, "वरपर्यंत तक्रार करतो! जेलात घालतो तिघींना!" पण तिघी हलल्या न्हाईत. रांग लागली ती लागलीच. म्हाताऱ्यांच्या दारात तर त्या स्वतः घागरी पोचवायच्या.

झालं! थोड्याच दिवसांत सोसायटीसमोर जीप थांबली. चष्मेवाल्या मॅडम उतरल्या, मागं ड्रायव्हर. मी रझियाभाभींचं दूध मापत होतो.

"टँकर अडवणाऱ्या बायका याच गावातल्या ना?"

आली की जेलची गाडी! पण चेअरमन डगमगतो व्हय? म्हणलं, जीव गेला तरी बायांना हात लागू द्यायचा न्हाई.

"टँकर? आमच्या गावच्या बाया टँकर दिसला की पदर सावरून घरात पळतात!"

"पण सगळ्या गावाची एकच रांग लावली, असं ऐकलं आम्ही."

"छे छे! आमच्याकडं ज्याची त्याची रांग वेगळी. पहिल्यापासून!"

मॅडमचा चेहरा उतरला. मला वाटलं, केस कच्ची पडायली! मग काय, मी सुटलोच.

"कांताबाई कुठं भेटतील?"

"माहेरी गेल्यात. भांडून. आता काय येत नसत्यात."

"आणि रझियाबी?"

"ऊसतोडीला. कर्नाटकात!"

समोर उभ्या रझियाभाभींनी आ वासला. मी त्यांच्या हातात किटली कोंबली. "आत्याबाई, तुमी जावा घरी!" त्या माझ्याकडं वळून वळून बघत पळाल्या.

"निदान गोदावरीबाई तरी?"

आता काय सांगायचं? थापांचं पोतं रिकामं झालतं. तोंडातून निघून गेलं, "वारल्या."

"अरेरे! कधी?"

"परवाच. लई चांगलं मरण आलं."

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. ड्रायव्हरनं टोपी काढली. मीही मान खाली घातली. आणि खोटं कशाला बोलू, मलाच भरून आलं हो!

तेवढ्यात मागून आवाज आला. "कोण वारलं रे, चेअरमन?"

गोदामावशी! कमरेवर हात. सोबत रझियाभाभी आणि कांताबाई. चेअरमनच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून भाभींनी दोघींना बोलावून आणलतं!

"मावशे, पळ! धरायला आलेत तुला!" मी किंचाळलो.

"धरू दे की! रांग लावली, चोरी न्हाई केली. मीच गोदावरी. कावून पळू?"

मॅडमनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मावशीकडं. आणि मावशीला कडकडून मिठीच मारली!

"धरायला नाही हो, सत्काराला बोलवायला आलोय! गावात सगळ्यांना सारखा न्याय दिलात, म्हणून जिल्ह्यातून तुम्हा तिघींना निवडलंय. परळीला मोठा कार्यक्रम आहे."

बोला आता! धरणी दुभंगून मला पोटात घेईल म्हणून मी वाट बघितली. तीबी दुष्काळानं कडक झालती.

परळीला सगळं गाव टेम्पो करून गेलं. वरची आळी आणि खालची वस्ती, मांडीला मांडी लावून! मी गावचा चेअरमन म्हणून पहिल्या रांगेत, फेटा बांधून. तिघींच्या गळ्यात हार पडले तेव्हा जेलात घालणारा तो गडीच सगळ्यात मोठ्यानं शिट्ट्या मारत होता.

मावशीच्या हातात माईक दिला. त्या एवढंच बोलल्या, "तहान काय आळी बघून लागती व्हय? मग रांग कावून येगळी?"

अख्खा हॉल उभा राहिला! टाळ्या काय थांबंनात. माझी छाती तर अशी फुगली, की सदऱ्याचं बटण तुटलं.

मग मॅडमनी माईक घेतला. "या तिघींनी हे काम किती प्रतिकूल परिस्थितीत केलं, ते मी त्यांच्या गावात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि ती प्रतिकूल परिस्थिती आज फेटा बांधून पहिल्या रांगेत बसली आहे!"

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हणलं, कोण हाय बे हा?

अख्ख्या रांगेत फेटा मी एकट्यानंच बांधलता!