पाच नंबर, सात नंबर आणि मधुकरराव

मधुकरराव टेंभेकर पहिल्याच भेटीत मला हसले होते, हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात आधीच सांगून टाकतो. एकाहत्तरच्या युद्धाचे दिवस होते. जबलपूरच्या आमच्या कारखान्यात ते असिस्टंट फोरमन होते आणि मी ड्रॉइंग ऑफिसात. ओव्हरटाइममुळे मोकळी अशी फक्त रविवारची सकाळ मिळे. तेव्हा कारखान्याच्या क्लबातली आम्ही मंडळी गोल्फ खेळत असू. माझ्या पाच नंबरच्या आणि सात नंबरच्या, लोखंडी डोक्याच्या काठीने, आयर्नने, चेंडू एकाच ठिकाणी पडतो, म्हणजे एक आयर्न सदोष असणार, अशी तक्रार मी त्यांच्याकडे केली. त्यांनी दोन्ही चालवून पाहिली. त्यांचा पाच नंबरचा चेंडू लांब गेला, सातचा उंच चढून बराच अलीकडे पडला. मग ते हसले.

मुरलेल्या खेळाडूचं प्रत्येक आयर्न वेगळं अंतर तोडतं. नवख्याच्या हातात तेवढा वेगच नसतो, म्हणून त्याचे चेंडू कुठल्याही आयर्नने सारखेच पडतात. मधुकररावांनी मात्र नवख्याला कधी कमी लेखलं नाही. माझी पत्नी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, तेव्हा अधारतालहून त्यांच्या घरचा डबा रोज त्यांच्याच सायकलवर येई. आभार मानायला लागलो की, ‘अच्छा, चलो’ म्हणून ते निघत.

मैदान एक आणि क्लब दोन. बंगलेवाल्या साहेबांच्या क्लबालाही रविवारची सकाळ हवी होती. सामना जिंकेल त्याची सकाळ, असं ठरलं. हरलो असतो तर आमचा खेळच बंद पडला असता. कप्तान मधुकररावांनी मला शेवटच्या जोडीत घातलं आणि माझ्या पिशवीतून सात नंबर सोडून सगळी आयर्न काढून घेतली. मी भडकलो.

ते शांतपणे म्हणाले, "काहून चिडून राहिले जी? पाच न् सात तुमचे एकाच जागी पडतात. त्यातलं सरळ जातं तेच न्या."

शेवटच्या होलपर्यंत बरोबरी होती. समोर नाला, पलीकडे झेंडा. प्रतिस्पर्धी कसलेला, त्याने पाच नंबरने एका फटक्यात नाला ओलांडला आणि तीन फटक्यांत होल संपवलं. मी सात नंबरने नाल्याच्या अलीकडे थांबलो. पुन्हा सात नंबर, आणि चेंडू झेंड्याजवळ. तिसऱ्या फटक्यात तो आत गेला. नवखा म्हणून त्या होलवर मला एक फटका माफ होता, त्यामुळे आम्ही जिंकलो! मधुकररावांनी मला चक्क उचललं. सगळा क्लब सायकलींवरून ओमतीला जिलबी खायला गेला. इतका आनंद मला पुढे बढतीचाही झाला नाही.

परवा मधुकररावांनी स्वतःच्या पिशवीतून पाच नंबर काढून ठेवलं. "आता माझेही एकाच जागी पडून राहिले," म्हणाले, आणि सात नंबरच्या दोन फटक्यांत नाला पार करून दाखवला.

त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांनी तो नाला असाच ओलांडत राहावं. रविवारची सकाळ अजून आमचीच आहे.