फडात फरशी नसते

आमच्या केंद्राच्या फायली कपाटात राहतात आणि किस्से चहाच्या टेबलावर. कोरोनाच्या त्या वर्षात फायली फारशा वाढल्या नाहीत. किस्से मात्र एवढे साठले, की आता चहा संपतो पण ते संपत नाहीत. बीडमधल्या एका पुनर्वसन केंद्राची मी तेव्हा प्रमुख होते. कृत्रिम पाय बसवायचे, लकवा झालेल्यांचे हात पुन्हा कामाला लावायचे, हा आमचा उद्योग.

*

एके सकाळी आमचा हॉल कोरोनाच्या खाटांसाठी गेला. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. पण पेशंटना चालायला शिकवायचं कुठं? आमचे शेखभाई पाय बनवतात. ते उठले आणि समोरच्या मंडपवाल्याकडे गेले. लग्नं बंद, तो बिचारा बसूनच होता. संध्याकाळपर्यंत त्यानं आमच्या आवारात मंडप ठोकला, धरून चालायला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले आणि वर झालरही लावली.

"अहो, झालर कशाला?" मी म्हटलं.

"हात सवयीनं जातो, मॅडम," मंडपवाला म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी पोलीस दारात. "लग्नाला परवानगी हाय का?"

मंडपात गयाबाई बांबू धरून एका पायावर उभी होती. तोंडाला पदर बांधलेला. ती म्हणाली, "या साहेब. नवरी मीच हाय. वरात तेवढी सावकाश निघंल."

साहेब झालरीकडे बघत बघत परत गेले.

*

ही गयाबाई लिंबागणेशकडची, ऊसतोडीला जाणारी. आदल्या हंगामात बैलगाडीचं चाक डाव्या पायावरून गेलं आणि गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. तिला नवा पाय हवा होता तो दसऱ्याच्या आत.

कारण असं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, तिला कोयता म्हणतात. तो फडात ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि गयाबाईचा नवरा मारुती आता एकटा पडला होता. मुकादमानं सांगून ठेवलं होतं, दसऱ्याला टोळी निघंस्तोवर बाई उभी राहिली न्हाई तर बापासंगं पूजा येईल. पूजा तिची लेक, आठवीतली. शाळा बंदच होत्या, त्यामुळे गावात कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मला वाटत होतं. त्या मुकादमाचा मला तेव्हा राग आला होता, तो अजून गेलेला नाही.

*

रोज नवा आदेश यायचा. आज सुरू, उद्या बंद, परवा निम्म्या माणसांत सुरू. मी दारावरच्या फळ्यावर खडूनं लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. एक दिवस येऊन बघते तर शेखभाईंनी फळ्यावर ऑइलपेंटनं ठसठशीत लिहिलेलं, "केंद्र आज", आणि पुढची जागा मोकळी.

"तेवढं एकच पक्कं हाय, मॅडम," ते म्हणाले. "बाकीचं तुमी खडूनं बघा."

वर्षभर तो फळा तसाच होता. मी फार मीटिंगा घेतल्या नाहीत. खडू मात्र भरपूर आणून ठेवला.

*

घाटनांदूरचे एक बाप्पा होते, उजव्या हाताला लकवा. येता येईना, म्हणून मी फोनवरच व्यायाम सांगायचे. बोटांना ताकद यावी म्हणून रबरी चेंडू दाबा म्हटलं. घरात चेंडू कुठला? मग म्हटलं, ज्वारीचं पीठ मळा, रोज दोन वेळा.

दीड महिन्यानं बाप्पांच्या बायकोचा फोन आला. आवाज एकदम हळू. "मॅडम, हात बरा झालाय बरं का यांचा."

"अरे वा, द्या ना त्यांना फोन."

"द्यायचा न्हाई म्हणून तर बाहेर येऊन बोलतेय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा या घरात दुसऱ्या कुणी पीठ मळलंय. अजून चार महिने तरी त्यांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. माझ्या पेशात हे बसत नाही, पण नाही सांगितलं.

*

गयाबाईचा पाय तयार झाला. ती मंडपातल्या सतरंजीवर हात सोडून चालायला लागली, वळायला लागली. मी खुशीत कार्डावर लिहिलं, "स्वतंत्रपणे चालते," आणि तिला वाचून दाखवलं.

ती हसायलाच लागली. "मॅडम, तुमी लई गोड हाव. फडात फरशी न्हाई ओ. सतरंजी तर न्हाईच न्हाई."

इतकी वर्षं मी पाय बसवतेय, अन् हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी शेखभाईंनी मंडपात उसाचं पाचट पसरलं. मंडपवाल्याचा टेंपो रिकामाच उभा होता, तो आवारात आणून मागं फळी लावली. आधी रिकामी चढ-उतर, मग डोक्यावर उशी, मग गवताचा भारा. गयाबाई दोनदा पडली. दोन्ही वेळा आम्हालाच म्हणाली, "घाबरू नका."

*

दसऱ्याला आठ दिवस उरले तेव्हा मीच मुकादमाला निरोप धाडला, येऊन बघा म्हणून. तो आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "कशाला बाईचे हाल करता? पोरगी चपळ हाय. तिचं नाव लिवलंय मी."

पूजा तिथंच उभी होती, आईची कुबडी हातात धरून.

शेखभाईंनी उसाची खरी मोळी आणून ठेवली होती. ती गयाबाईनं डोक्यावर घेतली, पाचटातून टेंपोपर्यंत गेली, फळी चढली आणि मोळी आत टाकली. मग ती वरच, टेंपोच्या कडेला, उभी राहिली.

"बरं बरं, जमतंय," मुकादम म्हणाला. "उतर आता."

"आदी डायरी काढ. पोरीचं नाव खोड."

"खोडतो की. तू उतर तर."

"खोड."

त्यानं खिशातून डायरी काढली, पेनानं एका नावावर रेघ मारली आणि पुढं दुसरं लिहिलं. गयाबाईला वाचता येत नाही. तिनं वरूनच पूजाला सांगितलं, "बघ गं. वाच काय लिवलंय."

पूजानं डायरी हातात घेतली. "मारुती. गयाबाई."

"पुढं?"

"पुढं कायबी न्हाई, आई."

मग गयाबाई खाली उतरली.