खास दिवसाच्या गोळ्या

भिलाईत पोलाद ओळखणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण शिसं ओळखणारा माणूस एकच आणि तो म्हणजे माझे मामा. हे मत मामांचंच आहे. दुसऱ्या कुणी त्याला अजून दुजोरा दिलेला नाही. मामांनी नोकरीभर प्लांटात रूळ तपासले. पास झालेल्या रुळावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि मग त्याला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा धर्म. निवृत्त होऊन वैशाली नगरात राहायला आले, तेव्हा तपासायला रूळ उरले नाहीत. उरली एक परवान्याची पॉइंट टू टू रायफल. तेव्हा मामांनी तिच्या गोळ्या तपासायला घेतल्या.

जेवणाच्या टेबलावर काच टाकून तिच्यावरून ते एकेक गोळी घरंगळत सोडत. जी वाकडी चालेल ती बाद. उरलेल्या सोनाराच्या काट्यावर चढत, मग भिंगाखाली जात. "तांदळातला खडा कधी निवडला नाही या मानसानं," मामी स्वयंपाकघरातून म्हणत. मामांना ते ऐकू येत नसे. "गोळी निवडणं म्हंजे पोरीले स्थळ पाहणं हाय," ते मला सांगत. "वरून सगळ्याच चकचकीत. घराणं पाहाले लागते. एका डब्यातली गोळी दुसऱ्या डब्यातलीसारखी जात नाही." स्वतः मामा क्वचितच नेम धरत, कारण झाडलेली गोळी पुन्हा तपासता येत नाही. कागदी निशाण्यासाठी साधी गोळी, कोल्ह्यासाठी पोकळ टोकाची, हा निवाडा त्यांनी फार पूर्वी दिला होता. शिकारीला बंदी आहे, याची मी एकदा आठवण करून दिली. "बंदी मारण्याले हाय बे," मामा म्हणाले, "निवडाले कावून राहीन?" त्यांच्या हातून आजवर एकाही कोल्ह्याचं वाईट झालेलं नाही. माणसांबद्दल तसं म्हणता येत नाही.

नेम होता तो त्यांच्या मुलीचा. माझी ही मामेबहीण कॉलेजात असताना नेमबाजी क्लबच्या रेंजवर अशी शांत पडून नेम धरायची, की बघणाऱ्याला वाटावं, झोपली. राज्याच्या संघात आली असती, तर खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरीचा रस्ता मोकळा होता, आणि त्या घरात तिच्या लग्नाखेरीज दुसऱ्या कुठल्याही रस्त्याची चर्चा होत नव्हती. वर्षभर ती क्लबात मिळणाऱ्या साध्या गोळ्यांवर सराव करत होती. रायफलीवरचा, नेम डावी-उजवीकडे सरकवणारा स्क्रू मामांनी स्वतः त्या गोळ्यांना बरोबर बसेल असा लावला, आणि लागल्यावर त्यावर पिवळा रंग ओतला. पास.

निवडीच्या दिवशी सकाळी रेंजवर मामांनी पिशवीतून एक वेगळाच डबा काढला. परदेशी गोळ्या. त्या त्यांनी मोठ्या खटपटीनं मिळवून कपाटात ठेवल्या होत्या. ज्या घरात चांगले कप पाहुण्यांसाठी काचेमागे असतात आणि सोफ्यावरचं प्लास्टिक निघत नाही, त्या घरात चांगल्या गोळ्या सरावाला कोण देणार?

"बाबा, इसपे मैंने प्रॅक्टिस नाही केली," ती घाबरून म्हणाली. "रोजवाली द्या ना."

"आज काय रोजचा दिवस हाय? घरीच ठेवली ती."

डब्याडब्यातला फरक जन्मभर शिकवलेल्या माणसानं एवढं बोलून डबा तिच्या हातात दिला. चाचणीच्या पहिल्याच गोळ्या डावीकडे गेल्या. तिनं स्क्रू फिरवायला घेतला, तो रंगात घट्ट बसलेला. तिनं मागे वळून पाहिलं. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडून मामांनी हात हलवून खूण केली : राहू दे, पास हाय. मग ती अंदाजानं उजवीकडे नेम धरत राहिली, थोड्या वेळानं तेही सोडून दिलं.

निशाण्याचा कागद हातात आला तेव्हा शेवटच्या सगळ्या गोळ्यांची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ होती. फक्त ते नाणं निशाण्याच्या मधोमध ठेवता आलं नसतं. "ग्रुप पाह्य, ग्रुप!" मामा आनंदानं ओरडत होते. "म्हटलं होतं ना मी, माल कसा हाय!" संघाची यादी वाचली जात होती, तीत तिचं नाव नव्हतं. ती रायफल पुसत होती. त्या दिवशी ती रडली नाही की भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून रेंजवर गेली नाही, एवढंच.

आता ती नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. गेल्या दिवाळीच्या आधी मी गेलो, तर मामा ब्लेडनं स्क्रूवरचा रंग खरवडत बसले होते. आयुष्यात प्रथमच ते पास केलेल्या वस्तूवरचा शिक्का मोडत होते. काम झाल्यावर त्यांनी रायफल दोन्ही हातांवर आडवी धरून मुलीपुढे केली. "बाई, आता फिरते पाह्य. कुठल्याही गोळ्या घे. रोजच्या घे."

तिनं बोटानं स्क्रू हलवून पाहिला. "हां, फिरतो," ती म्हणाली, आणि पर्स उचलून निघून गेली.

मामांनी रायफल टेबलावर ठेवली. "रागावून गेली का रे?"

मी नाही म्हणालो. नेहरू नगरात क्लासच्या वेळी स्कूटी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे ती रोजच लवकर निघते.