कार्डावर सासूबाई, पोटुशी मी

बायांनो, आज निपाणीत माझ्याबरोबर जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मला सातवा महिना. लॉकडाऊन उठून आमचा बिडी कारखाना उघडला, पण कोरोनामुळं गरोदर बायकांना आत घेत नाहीत. घरी बसा म्हणतात तर बसते, पण बाळंतपणाच्या रजेचा पगार तरी मिळेल काय, हे विचारायला सकाळी कारखान्याच्या दारात गेले.

कारकुनानं रजिस्टर चाळलं. "वैनी, पगार हाय, पण तुमचं नावच न्हाय. हितं तुमच्या सासूबाई हैत. त्या कुठं गरोदर हैत?"

रांगेतल्या बायका हसल्या. लाजेनं मीपण हसले.

आमच्यात सासू थकली की सून तिच्याच जागेवर, तिच्याच कामगार-कार्डावर बिड्या वळायला बसते. सासूबाईंची बोटं आखडली, तेव्हापासून सहा वर्षं मी बसते. घरातलंच कार्ड, नाव कुणाचं का असंना, असं मीच म्हणायची.

मी चिडून विचारलं, "आण्णा, मी रजिस्टरात न्हायच, तर मग मला आत का सोडत न्हाय?"

"पोट दिसतंय की वैनी," तो म्हणाला.

घरी सासूबाई म्हणाल्या, "जा गं, माझं नाव काढून तुझं घालून ये." पण कोरोना जाईपर्यंत नवी नावं घालणं बंद आहे, असं कारकुनानं निघताना सांगितलं, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

सासूच्या कार्डावर बसलेल्या सगळ्याजणींनी आधी आपलं नाव घालून घ्या, असं शेवटी लिहिणार होते. आता तुम्हीच सांगा, काय लिहू?